‘एकच पर्याय निवडा’: सातवीतल्या एका मुलीचं प्रकरण

नोव्हेंबर २०२२ मधला एक मंगळवार. तिसऱ्या तासाला सातवीची मुलं लॅपटॉपवर एक सर्वेक्षण भरत होती. शाळेत सुरक्षित वाटतं का, शिक्षक ऐकून घेतात का, असे वीसेक प्रश्न. पहिल्याच पानावर वंश विचारला होता आणि खाली सूचना होती: एकच पर्याय निवडा. एक मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली आणि मग तिनं लॅपटॉप मिटला. शिक्षिकेनं विचारलं तेव्हा म्हणाली, “मला नाही भरायचं.” पुन्हा विचारल्यावर गप्प. दुपारी माझ्या टेबलावर चिठ्ठी आली: ‘सहकार्य करत नाही. गेले काही आठवडे असंच चाललंय. कृपया भेटावं.’

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक स्कूलमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांची समुपदेशक आहे. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मुलगी बहुतेक इंग्रजीत बोलायची, तिची वाक्यं मराठीत मी आणली आहेत. आई मूळची कोल्हापूरकडची, वडील याच राज्यातल्या न्यूअर्क शहरात वाढलेले आफ्रिकन अमेरिकन. ती त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा बारा वर्षांची.

ती चिठ्ठी वाचून मी आधी ते सर्वेक्षण उघडून पाहिलं. संगणकावरच्या फॉर्ममध्ये गोल बटण असलं की एकच उत्तर देता येतं. दुसरं दाबलं की पहिलं आपोआप पुसलं जातं. चौकोन असतील तर हव्या तितक्या खुणा करता येतात. आमच्या सर्वेक्षणात गोल होते. तिनं ‘आशियाई’ दाबलं की ‘काळे किंवा आफ्रिकन अमेरिकन’ पुसलं जाणार, आणि ते दाबलं की ‘आशियाई’. तिच्या जागी मी असते तर मीही लॅपटॉप मिटला असता.

हे सगळं २०२२ मध्ये घडत होतं, हे मला जास्त लागलं. अमेरिकी सरकारनं एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा १९९७ मध्येच दिली होती. २००० च्या जनगणनेत ती पहिल्यांदा अमलात आली आणि ६८ लाख लोकांनी एकापेक्षा जास्त खुणा केल्या. २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला, म्हणजे दर दहा माणसांत एक. (ही सगळी वाढ माणसांची नाही. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरं मोजण्याची पद्धत बदलल्यामुळेही आकडा फुगला.) शाळांच्या सरकारी नोंदींतही २०१०-११ पासून ‘दोन किंवा अधिक वंश’ असा रकाना आहे. या मुलीच्या प्रवेश अर्जावर आईवडिलांनी दोन्ही खुणा केलेल्या होत्या आणि कार्यालयाच्या नोंदीत त्या नीट होत्या. वर्गात तिच्यासमोर ठेवलेल्या फॉर्मला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

चिठ्ठीच्या आधीचे दोन महिने

पहिल्या भेटीत ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तुकड्या-तुकड्यांनी जे कळलं ते असं.

सप्टेंबरमध्ये आई तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला लवकर आली होती. शाळेच्या कार्यालयात आईला विचारण्यात आलं, “तुम्ही तिच्या बेबीसिटर का?” मुलगी दप्तर घेऊन तिथेच उभी होती. आईनं हसून ओळखपत्र दाखवलं. गाडीत दोघी त्याबद्दल अक्षरही बोलल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या नाचाचा गट ठरला. तिसरीपासूनच्या तिच्या मैत्रिणी त्यात होत्या. त्यांतली एक म्हणाली, “तू ये ना, पण फोटोत थोडं वेगळं दिसेल.” ती गेली नाही. मग जेवणाच्या सुटीत काळ्या मुलींच्या टेबलावर बसायला लागली. तिथे कुणी वाईट वागलं नाही. पण एकदा सगळ्या कशावर तरी हसल्या, तिला ते कळलं नाही, आणि कुणीतरी सहज म्हणालं, “अगं, तू काही खरी तशी नाहीस.” त्या दिवसापासून ती सुटी वाचनालयात काढत होती.

यातली एकही घटना तक्रार नोंदवण्याएवढी मोठी नव्हती. म्हणूनच ती शाळेच्या नजरेतून सुटली. कुणी मारलं, शिवी दिली, तर आमच्याकडे त्याचे फॉर्म आहेत. दिवसाला एकदा ‘तू नक्की कोण?’ असं विचारलं जाण्याचा फॉर्म नाही. आणि हे विचारणारी माणसं बहुतेक वेळा प्रेमळच असतात.

घर

आईशी मी मराठीत बोलत होते, त्यामुळे घरातलं पुष्कळ कळलं. लग्नानंतर माहेरच्यांनी चार वर्षं अबोला धरला होता. नात झाल्यावर आजी विरघळली आणि आता दर वर्षी सहा महिने येऊन राहते. नातीवर जीव टाकते. पण अंगाला डाळीचं पीठ आणि साय लावते, ‘उजळ’ दिसावी म्हणून. मुलगी फुटबॉल खेळायला निघाली की दारातून सांगते, “उन्हात फार राहू नको गं, काळी पडशील.” आईनं हे मला सांगितलं आणि खाली बघत म्हणाली, “ताई, हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलंय. मला त्यात काही वाटायचंच नाही. परवा हे ऐकताना यांचा चेहरा बघितला, तेव्हा कळलं.” ‘यांचा’ म्हणजे मुलीच्या वडिलांचा. त्यांना मराठी येत नाही, पण तेवढा एक शब्द त्यांना चांगला ठाऊक झाला होता.

हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे. वंशभेद म्हटलं की आपल्या लोकांना तो गोऱ्यांनी केलेला आठवतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या वाटीत कालवलेलं पीठ आठवत नाही. कुरळ्या केसांना आपण सहज ‘हबश्यासारखे केस’ म्हणून जातो. आणि दोन वंशांच्या लेकरासाठी आपल्याकडे चालू शब्द कुठला आहे? ‘बहुवांशिक’ पुस्तकात शोभतो, ‘संकर’ शब्दाला तर शतकांची घाण चिकटलेली. नातेवाईक ‘अर्धी’ म्हणतात. लेकरानं स्वतःबद्दल काय ऐकावं?

केसांचंही तसंच. आई खोबरेल तेल लावून, करकचून एक वेणी घालायची. तेवढंच तिला येत होतं. दर रविवारी रडारड. मुलगी मला म्हणाली, “आईला माझ्या केसांचं ओझं होतं.” आत्या न्यूअर्कलाच राहते. तिच्या बारीक वेण्यांनी केस दोन-तीन आठवडे नीट राहतात. पण आत्याकडे वेणी घालायला जायचं म्हणजे आपण हरलो, असं आईला वाटत होतं. इथे केस ही लहान गोष्ट नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्याच एका शाळकरी कुस्तीपटूला, जटा कापल्याशिवाय खेळता येणार नाही असं पंचानं सांगितलं आणि सामन्याआधी सगळ्यांसमोर त्याचे केस कापले गेले. त्यानंतर बरोबर वर्षानं, १९ डिसेंबर २०१९ ला, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा राज्यात झाला.

माझी चूक

शाळेच्या यादीत आईचं मराठी आडनाव पाहून मला आनंद झाला होता. पहिल्याच भेटीत मी विचारलं, “तुला मराठी येतं?” तिनं मान हलवली: कळतं. मला वाटलं, झालं, पूल सापडला. पुढच्या भेटीत मी तिला मलिक अंबरबद्दल सांगितलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस दख्खनेत आला, निजामशाहीचा आधार झाला, मुघलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं, आणि आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराचा पाया घातला. आफ्रिका आणि महाराष्ट्र एका माणसात! मी फार रंगून सांगत होते.

तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण माझे बाबा इथिओपियाचे नाहीत. आणि तुम्हालाही मी तुमच्याकडेच हवी आहे, हो ना?”

मी त्या दिवशीच्या टिपणवहीत हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. नाचाच्या गटानं तिला बाहेर ठेवलं होतं आणि मी तिला आत ओढत होते. तिच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हीकडे प्रश्न तोच होता. त्या रात्री मी फोनच्या नोंदी पाहिल्या. तीन आठवड्यांत मी पाच फोन केले होते आणि पाचही आईला. वडिलांचा नंबर त्याच पानावर, त्याच ओळीत होता. पुढे ते भेटायला आले तेव्हा म्हणाले, “शाळेतून फोन येतो तो नेहमी हिलाच. मला शाळा बोलावते ती काही बिघडलं तर.” मी माफी मागितली. त्याच भेटीत त्यांनी सांगितलं की मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला बसवून समजावलं होतं: पोलिसानं थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा. हे माझ्या नोंदीत कुठेच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

या विषयात जे शिकलो त्याचाही माझ्या घाईत हात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशा मुलांकडे दोन जगांच्या मध्ये लटकलेली, दुःखीच राहणार अशी माणसं म्हणून पाहिलं जाई. १९९० मध्ये कार्लोस पोस्टन यांनी वेगळी मांडणी केली. तिच्यात पाच टप्पे आहेत. एका टप्प्यावर कुठलातरी एक गट निवडायचा दबाव येतो, मग अपराधी वाटतं, मग हळूहळू दोन्हींची कदर आणि शेवटी सगळं एकत्र सामावणं. मी हा जिना मानला होता आणि मुलीला वरच्या पायरीवर न्यायला निघाले होते. त्याच वर्षी मारिया रूट यांनी लिहिलं होतं की असं माणूस एक वंश सांगेल, दोन्ही सांगेल किंवा स्वतःला वेगळ्याच गटातलं म्हणेल, आणि यातलं कुठलंही उत्तर निकोप असू शकतं. पुढे क्रिस्टन रेन यांनी कॉलेजच्या मुलांशी बोलून दाखवलं की कितीतरी जण जागा बदलली की उत्तर बदलतात आणि त्यात त्यांचा गोंधळ नसतो. बारा वर्षांच्या मुलीलाही हेच जास्त लागू पडतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आत्याकडे एक, आजीकडे दुसरं, मैदानावर तिसरं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

तेव्हा ठरवलं, मुलीला दुरुस्त करणं बंद. तिला रोज जिथे अडवलं जातं त्या जागा बदलायच्या.

नकाशा

सर्वांत जास्त काम सामाजिक शास्त्रांच्या तासाला झालं. जानेवारीत सातवीला ‘माझा देश’ नावाचा तक्ता करायचा असे: एक झेंडा, एक पोशाख, एक पदार्थ. शिक्षिका कष्टाळू आणि मोकळ्या मनाच्या. दोन दुपारी आम्ही बसलो आणि कामच बदललं. घरातल्या, किंवा आपल्या मानलेल्या, दोन-तीन मोठ्या माणसांना विचारायचं: तुम्ही कुठून कुठे गेलात आणि का? मग ते रस्ते एका नकाशावर काढायचे. दत्तक मुलं, एकाच पालकाजवळ राहणारी मुलं, सगळ्यांना यात जागा होती.

मुलीच्या नकाशावर एक रेघ कोल्हापूरहून मुंबई आणि तिथून न्यूअर्कला आली. दुसरी दक्षिण कॅरोलायनाहून रेल्वेनं न्यूअर्कला. वडिलांची आजी १९४० च्या दशकात त्या वाटेनं आली होती. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला गेलेल्या सुमारे ६० लाख काळ्या लोकांपैकी ती एक. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असताना आजीनं कागदाकडे न बघता सात पिढ्यांची नावं सांगितली, कुलदैवत जोतिबासकट. मुलीनं ती लिहून घेतली आणि म्हणाली, “आजी, यात एकही बाई नाही.”

वडिलांच्या बाजूला आत्यानं शोधलेलं एक नाव होतं, १८७० च्या जनगणनेतलं. गुलामीतून सुटलेल्यांची नावानिशी गणती पहिल्यांदा झाली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असतं ते मालकाचं. खाली माणसांचं वय, लिंग, रंग. १८७० च्या मागे आत्याला जाता आलं नव्हतं. मुलीनं दक्षिण कॅरोलायनापासून अटलांटिकमध्ये तुटक रेघ काढली आणि समुद्रातच थांबवली. शिक्षिकेनं मायेनं सुचवलं, “घानापर्यंत नेऊ या का? तिकडून बरेच लोक आणले गेले होते.” मुलगी म्हणाली, “मला माहीत नाही, मग मी खोटं का काढू?” रेघ तशीच राहिली. शिक्षिकेनं ती राहू दिली, याचं श्रेय मी त्यांना देते. अशा वेळी मोठ्यांचा हात शिवशिवतो. रिकामी जागा बघवत नाही.

त्या टेबलावर आणखी एक गोष्ट झाली, ती मला आईनं नंतर सांगितली. आजी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. बोलता बोलता तिला आठवलं की जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ काढली ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या भल्या लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तोच धडा घ्यावा म्हणून. वडिलांनी विचारलं, “भल्या लोकांचे आभार मानले. जे स्वतः पळून सुटले, लढले, त्यांचे?” हे मुलीनं मराठीत आजीला सांगितलं. आजी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “त्यांना सांग, बरोबर आहे.” हेही मुलीनंच इंग्रजीत नेलं. जावई आणि सासू अर्धा-पाऊण तास बोलत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मधे मला ‘मराठी कळतं’ एवढंच सांगणारी मुलगी बसली होती. मलिक अंबरची गोष्ट सांगून मी जे करू पाहत होते ते या घरानं माझ्याविना केलं.

बाकीचे बदल

कार्यालयात एकच सुधारणा केली. मुलाला न्यायला आलेल्या माणसाला ‘तुम्ही तिच्या कोण?’ असं न विचारता ‘कुणाला न्यायला आलात?’ असं विचारायचं आणि ओळखपत्र यादीशी ताडून बघायचं. नियम तोच, प्रश्न वेगळा.

सर्वेक्षणातले गोल काढून चौकोन करायला मात्र आठ महिने लागले. वरच्या कार्यालयाचं म्हणणं होतं की अहवाल गुंतागुंतीचे होतील. मी दर महिन्याला पत्र लिहीत राहिले.

अशा मुलांचा जेवणाच्या सुटीतला गट काढायचा विचारही केला. ‘दोन किंवा अधिक वंश’ या रकान्यातली नावं काढून मुलांना बोलवावं, असं एक सहकारी म्हणाले. मी नकार दिला. तेही कप्प्यात टाकणंच झालं असतं. फलकावर सर्वांसाठी सूचना लावली आणि पालकांची संमती घेतली. सहा जण आले. ती पहिल्यांदा आली, दोनदा आली नाही, मग येत राहिली. एक मुलगा म्हणाला की त्याला या गोष्टीनं कधीच काही वाटलेलं नाही, तो फक्त पिझ्झासाठी येतो. त्यालाही राहू दिलं.

अमेरिकेतल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांना एक विनंती. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधारानं गावोगावी अशा शाळा चालतात आणि त्यांत अशी मुलं आता येतात. सगळ्यांसमोर ‘अरे वा, ही किती छान मराठी बोलते!’ असं त्यांचं कौतुक करू नका. शेजारच्या मुलीचं ते होत नसतं, आणि लेकराला फरक बरोबर कळतो.

मे महिना आणि नंतर

मे महिन्यात आईचा फोन आला. आवाज रडवेला. उन्हाळी शिबिराच्या अर्जावर मुलीनं स्वतः खुणा केल्या होत्या, चौकोन होते, दोन्ही करता आल्या असत्या. तिनं एकच केली होती: काळी. “ताई, मग मी कोण तिची?” मी तिला एवढंच सांगितलं की खूण तिच्या वंशाची आहे, तिच्या आईची नाही, पुढच्या वर्षी ती बदलेल किंवा बदलणार नाही, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी ती तुझ्याच घरी जेवेल. हे ऐकून तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. आठवडाभरानं ती स्वतः मुलीला घेऊन आत्याकडे गेली आणि वेण्या घालायला शिकली. एका बाजूची तिची वेणी सैल झाली होती, मुलगी तशीच शाळेत आली.

नाचाच्या गटातली मैत्री परत जुळली नाही. साय आणि पीठ बंद झालं, पण ‘उन्हात राहू नको’ अजून आजीच्या तोंडून निघतं. मग मुलगीच तिला टोकते.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये आठवीच्या वर्गात ते सर्वेक्षण पुन्हा आलं, या वेळी चौकोन असलेलं. मी काहीतरी निमित्त काढून मागच्या दाराशी उभी होते. पहिल्या पानावर ती जरा थांबली, मग पुढे गेली, शेवटपर्यंत भरलं आणि पाणी प्यायला बाहेर पडली. तिनं कुठल्या खुणा केल्या ते मला माहीत नाही. त्या फॉर्मवर नाव नसतं.